‘अ रेझिन इन द सन’: कोणती प्रत घ्यावी आणि ती वाचावी कशी

लॉरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ अभ्यासाला लागलं की विद्यार्थी हाताला येईल ती प्रत उचलतात. कॉलेजच्या ग्रंथालयातली जुनी, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातली, नाहीतर कुणीतरी फोनवर पाठवलेली पीडीएफ. मजकूर सगळीकडे सारखाच असणार, असं धरून चालतात. या नाटकाच्या बाबतीत तसं नाही. 1959 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जे झालं आणि त्या सुमारास जे छापलं गेलं, ते कापलेलं नाटक आहे. कापलेले भाग परत जोडून ते वाचकांच्या हाती यायला 1980चं दशक उजाडावं लागलं. इथे परीक्षण आहे ते व्हिंटेज या प्रकाशनाच्या पेपरबॅकचं. हॅन्सबेरीचे एकेकाळचे पती आणि तिच्या लेखनाचे व्यवस्थापक रॉबर्ट नेमिरॉफ यांची प्रस्तावना या प्रतीला आहे. सोबतीला तीन चित्रपटरूपांचाही विचार केला आहे, कारण विद्यार्थी पुस्तकाआधी तेच बघतात.

निकाल आधीच सांगून टाकतो: विकत घ्यायची असेल तर हीच प्रत घ्या. मात्र ही अभ्यासप्रत नव्हे. तळटिपा नाहीत, शब्दार्थ नाहीत, शिकागोचा नकाशा नाही, प्रश्नावली नाही. दीडशेच्या आसपास पानं, सुरुवातीला लँग्स्टन ह्यूजची ‘हार्लेम’ ही 1951ची कविता (नाटकाचं नाव तिच्यातूनच आलं), मग प्रस्तावना आणि मग सरळ नाटक. बाकीचं आपलं आपण जोडून घ्यावं लागतं. काय जोडायचं, ते पुढे येईलच.

तुमच्या हातातली प्रत पूर्ण आहे की कापलेली, हे अर्ध्या मिनिटात कळतं. पात्रांची यादी उघडा आणि तिच्यात मिसेस जॉन्सन शोधा. नाव नसेल तर प्रत जुनी, कापलेली. नाव असेल तर दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश काढून ही शेजारीण खरोखर घरात येते का ते बघा. अमेरिकन नाटकांच्या संकलनांत काही ठिकाणी जुना मजकूर तसाच पुढे चालत आला आहे, त्यामुळे संकलन कितीही जाडजूड असलं तरी ही तपासणी कराच.

कापलं काय आणि का

हे नाटक रंगभूमीवर आणणं सोपं नव्हतं. निर्माता फिलिप रोझला पैसे उभे करायला वर्षाहून जास्त काळ लागला. ब्रॉडवेवर कृष्णवर्णीय स्त्रीचं नाटक त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि लॉइड रिचर्ड्सच्या रूपानं तिथे पहिल्यांदाच कृष्णवर्णीय दिग्दर्शक उभा राहणार होता. न्यू हेवन, फिलाडेल्फिया, शिकागो असे आधी बाहेरगावचे प्रयोग झाले आणि मग 11 मार्च 1959 रोजी एथेल बॅरिमोर थिएटरात पडदा उघडला. एकूण 530 प्रयोग झाले. त्या वर्षीचं न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचं सर्वोत्कृष्ट नाटकाचं पारितोषिकही मिळालं. पण तिथवर पोचताना नाटकाची लांबी आणि खर्च दोन्ही आवरावे लागले, आणि कात्री लागली.

नाटक शिकागोतल्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाचं: आई लीना, मुलगा वॉल्टर, त्याची बायको रूथ, त्यांचा मुलगा ट्रॅव्हिस आणि वॉल्टरची बहीण बेनीथा. वारलेल्या वडिलांच्या विम्याचे पैसे येतात; वॉल्टरला त्यातून दारूचं दुकान काढायचं आहे, लीना गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. कापलेल्या भागांत चार जागा महत्त्वाच्या आहेत. पहिल्या अंकात ट्रॅव्हिस खालून धावत येऊन गल्लीत मारलेल्या मांजराएवढ्या उंदराचं वर्णन करतो, ते. दुसऱ्या अंकात बेनीथा डोक्यावरचं आफ्रिकी वस्त्र काढते आणि तिचे कापलेले, मुळातले कुरळे केस दिसतात, ते. वॉल्टर रात्री मुलाला झोपवताना पुढच्या सात वर्षांचं चित्र रंगवतो, ते. आणि मिसेस जॉन्सनचा आख्खा प्रवेश.

केसांचं प्रकरण बहुतेक गाईडांत एका ओळीत उरकलेलं असतं. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात नायजेरियाचा असागाई बेनीथाच्या सरळ केलेल्या केसांवरून तिला टोकतो. ती त्या वेळी वाद घालते. पुढच्या प्रवेशात ती केस कापून येते, म्हणजे वादाचं उत्तर ती कृतीनं देते. कापलेल्या संहितेत हे दुसरं पाऊल दिसत नाही आणि बेनीथा नुसती छंद बदलत फिरणारी मुलगी वाटते. परीक्षेत तिच्यावर ‘चंचल’ हा शिक्का मारला जातो तो इथूनच.

झोपवण्याचा प्रवेश वॉल्टर समजायला सगळ्यात उपयोगी. आई लीनानं नुकतेच पैसे हातात ठेवलेले असतात. तो दहा वर्षांच्या मुलाला सांगतो की तू सतरा वर्षांचा होशील तेव्हा मी ऑफिसातून थकून घरी येईन, दारात काळी क्रायसलर उभी असेल, कुंपण छाटणारा माळी मला अदबीनं नमस्कार करेल, तुझ्या आईला खरेदीसाठी वेगळी गाडी असेल. वॉल्टर स्वतः श्रीमंताचा ड्रायव्हर आहे. म्हणजे त्यानं स्वप्नात फक्त मालकाची जागा घेतली आहे. नोकर तसाच ठेवला आहे. हा प्रवेश वाचल्याशिवाय वॉल्टरच्या स्वप्नाबद्दल लिहिणारं उत्तर अर्धवटच राहतं. दारूच्या दुकानाला आईचा विरोध धार्मिक कारणानं आहे, एवढं सांगून भागत नाही.

आता मिसेस जॉन्सन. ही शेजारीण वर्तमानपत्र घेऊन येते. गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेलेल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर बॉम्ब टाकल्याची बातमी त्यात असते. अभिनंदनाच्या आवाजात ती सुचवते की आता तुमचंही नाव पेपरात येईल, आणि मथळासुद्धा स्वतःच रचून दाखवते. बोलता बोलता ती बुकर टी. वॉशिंग्टन या जुन्या कृष्णवर्णीय नेत्याचा दाखला देते की शिक्षणानं किती चांगले नांगरगडी बिघडवले, आणि लीना सरळ म्हणते की तो मूर्ख होता. जॉन्सन म्हणते, तो आपल्यातला थोर माणूस. लीना विचारते, कोण म्हणतं असं? ही तीच लीना, जिला गाईडं ‘परंपरेला धरून राहणारी सोशिक आई’ म्हणतात.

या प्रवेशाचं वजन शेवटावर पडतं. कुटुंब नव्या घरी जायला निघतं म्हणून नाटकाचा शेवट सुखाचा, हा आक्षेप 1959पासून चालत आलेला आहे. कापलेल्या मजकुरात बॉम्बचा उल्लेख पहिल्या प्रवेशात वॉल्टर पेपर वाचताना एका ओळीत करून जातो आणि रूथ तो ऐकून न ऐकल्यासारखा करते. पूर्ण मजकुरात तो बॉम्ब मथळ्यासकट त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. त्यानंतर सामान बांधणारं हे कुटुंब कुठे चाललं आहे ते वाचकाला नीट माहीत असतं. ‘सुखान्त की नाही’ हा प्रश्न पेपरात आला आणि उत्तरात मिसेस जॉन्सनचं नाव नसलं, तर कुठली प्रत वाचली ते तपासणाऱ्याच्या लक्षात येतं.

नेमिरॉफ यांची प्रस्तावना ही सगळी काटछाट उलगडून सांगते, म्हणून ती वाचायलाच हवी. मात्र नाटकाच्या आधी नको. त्यांना नाटकाबद्दल जिव्हाळा आहे आणि ते टीकाकारांना उत्तरं देत लिहितात. नाटक न वाचता ती आधी वाचली की मतं तयार होऊनच हातात येतात. एकदा नाटक, मग प्रस्तावना, मग पुन्हा नाटक, हा क्रम ठेवा.

टिपा नाहीत, त्या अशा घाला

सगळ्यात मोठी उणीव ही. आपल्याकडच्या वाचकाला अडणारे उल्लेख फार नाहीत, पण जे आहेत ते मोक्याच्या जागी आहेत. समासात पेन्सिलीनं एवढं लिहून ठेवा.

पहिल्याच पानांवर वॉल्टर म्हणतो की कर्नल मॅककॉर्मिक आजारी आहे, आणि रूथ कोरडेपणानं हळहळते. हा ‘शिकागो ट्रिब्यून’चा मालक-प्रकाशक रॉबर्ट मॅककॉर्मिक. तो 1955 साली वारला. नाटकाचा काळ छापील मजकुरात मुद्दाम सैल ठेवला आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर ते आजपर्यंतचा कुठलाही. पण हा उल्लेख धरला तर घटना 1955च्या पुढे नेता येत नाहीत. दुसऱ्या अंकात दारूच्या नशेत वॉल्टर केन्याटाचं आणि झुलूंचा राजा चाका याचं नाव घेतो. जोमो केन्याटा हा केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता. केनिया स्वतंत्र झाला 1963 साली. नायजेरिया 1 ऑक्टोबर 1960 रोजी. म्हणजे पहिला प्रयोग झाला त्या रात्री असागाईचा देश अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होता, आणि तिसऱ्या अंकात तो जे स्वातंत्र्यानंतरच्या चोरांबद्दल आणि हुकूमशहांबद्दल बोलतो ते घडण्याआधीचं बोलणं आहे. बेनीथाला न्यायला आलेला श्रीमंत घरचा जॉर्ज मर्चिसन निघताना वॉल्टरला प्रॉमिथ्यूस म्हणून टोमणा मारतो. देवांकडची आग चोरून आणल्याबद्दल खडकाला बांधला गेलेला तो ग्रीक पुराणातला. वॉल्टरला हे नाव माहीत नाही, आणि जॉर्जला ते पक्कं ठाऊक आहे. आईला दिलेल्या बागकामाच्या हत्यारांच्या भेटीवर ‘आमच्या मिसेस मिनिव्हरला’ असं लिहिलेलं असतं. हा 1942च्या चित्रपटातल्या गुलाबप्रेमी इंग्रज गृहिणीचा संदर्भ आहे.

बोलीची भीती वाटते ती दहाएक पानं. क्रियापदांची रूपं गळतात, शब्दांची शेपटं उडतात. डोळ्यांनी वाचलं तर अडतं, मोठ्यानं वाचलं तर सुटतं. आणि बोली सगळ्यांची एक नाही याकडे कान द्या. लीनाची दक्षिणेकडची जुनी, वॉल्टर-रूथची शिकागोत वाढलेली, बेनीथाची कॉलेजातली. वर्गात मोठ्यानं वाचताना अमेरिकन उच्चारांची नक्कल मात्र करू नका, ती हमखास हास्यास्पद होते आणि अर्थ निसटतो.

हिशेबाचं पान

या नाटकाचा अभ्यास नीट व्हायचा असेल तर वहीत एक पान हिशेबाला द्यावं. सगळी पात्रं पैशांबद्दल बोलतात आणि हॅन्सबेरीनं आकडे फार काटेकोर ठेवले आहेत. निम्म्या उत्तरांत ‘वॉल्टरनं दहा हजार डॉलर बुडवले’ असं लिहिलेलं असतं. ते चूक आहे.

विम्याचे आले 10,000 डॉलर. वारलेल्या थोरल्या वॉल्टरच्या आयुष्याची ती किंमत. त्यातले 3,500 लीनानं क्लायबोर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीतल्या घराची पहिली रक्कम म्हणून भरले. उरले 6,500. हे तिनं शुक्रवारी रात्री वॉल्टरला दिले आणि सांगितलं की सोमवारी बँकेत जा, 3,000 बेनीथाच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी बचत खात्यात टाक, बाकीचे तुझ्या नावानं. म्हणजे वॉल्टरच्या वाट्याला 3,500, घराच्या पहिल्या रकमेइतकेच. त्यानं सगळेच्या सगळे 6,500 दारूच्या दुकानातला भागीदार विली हॅरिसला दिले. पुढच्या शनिवारी, सामान हलवण्याच्या दिवशी, तिसरा भागीदार बोबो येऊन सांगतो की विली पळाला. बोबोचीही आयुष्याची पुंजी त्यात गेली. दुकानाची मूळ योजना तिघांनी प्रत्येकी दहा हजार घालण्याची होती.

हे पान समोर असलं की तिसऱ्या अंकातला वॉल्टर कळतो. क्लायबोर्न पार्कच्या सुधारणा मंडळाचा कार्ल लिंडनर घर विकत घेऊन वर नफा द्यायला तयार आहे. वॉल्टर त्याला बोलावतो तेव्हा तो आईचे आणि बहिणीचे पैसे भरून काढायचा एकमेव मार्ग पकडत असतो. लाचारीची जी तालीम तो गुडघ्यांवर बसून घरच्यांना करून दाखवतो, तिच्यामागे बहिणीच्या तीन हजारांचं भोक आहे. आणि नकार दिल्यावरही हिशेब संपत नाही. घराचा हप्ता महिना 125 डॉलर. हप्ता चार मोठी माणसं मिळून फेडतील असं म्हटलं जातं, पण त्या चारांत एक शिकणारी मुलगी आहे, एक गरोदर आहे आणि एक साठी ओलांडलेली. शेवट सुखाचा वाटणाऱ्यांनी ही बेरीज करून बघावी.

छोट्या रकमाही टिपा. पहिल्या प्रवेशात ट्रॅव्हिसला शाळेसाठी पन्नास सेंट हवे असतात, रूथ ठाम नकार देते. वॉल्टर तिच्याकडे बघत मुलाला पन्नास सेंट देतो, वर आणखी पन्नास देतो, टॅक्सीनं जा म्हणतो. थोड्या वेळानं कामावर निघालेला तोच वॉल्टर दारातून परत येतो, कारण त्याच्याकडेच गाडीभाड्याला पैसे उरलेले नसतात. रूथ पन्नास सेंट काढून देते आणि टॅक्सीचाच शब्द त्याला परत करते. नवराबायकोचं आख्खं भांडण एका नाण्यात मावलं आहे. तशीच ती अंडी: कशी हवीत विचारल्यावर वॉल्टर म्हणतो, फेटलेली नकोत, आणि कंसातली सूचना सांगते की रूथ अंडी फेटायला लागते. संवादाइतक्याच या सूचना वाचा. पाच डॉलरची गोष्टही विसरू नका. रूथनं गर्भपातासाठी दिलेली पहिली रक्कम ती, आणि ती कळल्यावरच लीना घर घ्यायला बाहेर पडते.

सुरुवातीचं खोलीचं वर्णन विद्यार्थी सर्रास गाळतात. तिथे फर्निचरची अवस्था एखाद्या माणसाची सांगावी तशी सांगितली आहे. कधीकाळी हौसेनं निवडलेलं सामान आता थकलं आहे, विणलेल्या झालरींखाली सोफ्याचं कापड दिसेनासं झालं आहे, गालिच्याची झिजलेली जागा झाकायला टेबलखुर्च्या सरकवल्या आहेत आणि झीज दुसरीकडून डोकं काढते आहे. एकच खिडकी, तिच्याशी लीनाचं झाड. मुलगा बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपतो, संडास बाहेर आणि शेजाऱ्यांशी सामायिक, सकाळी तिथे नंबर लावायचा. चाळीत राहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही.

घर कुठे घेतलं आणि कायदा काय म्हणत होता

क्लायबोर्न पार्क ही वस्ती काल्पनिक आहे, तिच्यामागची परिस्थिती नाही. लीना गोऱ्यांच्यात राहायची हौस म्हणून तिथे जात नाही. ती कारण स्पष्ट सांगते: कृष्णवर्णीयांसाठी लांबवर बांधलेली घरं दुप्पट महाग आहेत, आणि कमीत कमी पैशांत चांगलं घर तिला इथेच मिळालं. शिकागोत घरांचे दोन बाजार होते आणि ज्यांना एकाच बाजारात फिरू दिलं जाई ते जास्त पैसे मोजत. 1951 साली शेजारच्या सिसरोत एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर हजारोंचा जमाव चालून गेला, 1953पासून शिकागोतल्या ट्रम्बुल पार्क होम्स या वसाहतीत महिनोन्‌महिने दंगे चालले. जॉन्सनबाईंचं वर्तमानपत्र या दुनियेतलं आहे.

हॅन्सबेरीच्या घरचीच गोष्ट गाईडांत हमखास चुकीची सांगितलेली असते. वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी 1937 साली शिकागोत साउथ ऱ्होड्स अव्हेन्यूवर घर घेतलं. त्या भागातल्या मालकांनी कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही असा लेखी करार केलेला होता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 12 नोव्हेंबर 1940 रोजी ‘हॅन्सबेरी विरुद्ध ली’चा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. इथपर्यंत बरोबर. पण ‘न्यायालयानं असे करार रद्द केले’ हे पुढचं वाक्य साफ चूक. करार लागू व्हायला रस्त्यालगतच्या 95 टक्के जागेच्या मालकांच्या सह्या हव्या होत्या, प्रत्यक्षात झाल्या होत्या सुमारे 54 टक्क्यांच्या. आधीच्या एका खटल्यात सह्या पुऱ्या आहेत असं धरलं गेलं होतं. त्या खटल्यात नसलेल्या माणसांना तो निकाल बांधू शकत नाही, एवढंच न्यायालयानं म्हटलं. असे करार न्यायालयांमार्फत बजावता येणार नाहीत हे ठरलं 1948 साली, ‘शेली विरुद्ध क्रेमर’मध्ये. म्हणूनच 1950च्या दशकातला लिंडनर करार दाखवत नाही, तो गोड बोलून पैसे दाखवतो. कायद्याचं हे वळण लक्षात घेतलं की त्याच्या मवाळ बोलण्याचा अर्थ लागतो.

आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत याची तुलना जातीशी केलेली असते आणि ती करायलाच हवी. डॉ. आंबेडकरांनी 1946 साली कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं, आणि पुढे त्याच ड्यू बॉईस यांच्या वर्गात हॅन्सबेरी शिकली. मात्र ‘आपल्याकडच्यासारखंच’ म्हणून थांबू नका. आपल्याकडे घर नाकारताना सहसा कागद होत नाही, आडनाव विचारलं जातं आणि जागा आधीच गेलेली असते. तिथे सह्या केलेला, नोंदवलेला दस्त होता. फरक सांगितला तर तुलनेला दात येतात.

चित्रपट कोणता बघावा

1961चा चित्रपट (दिग्दर्शक डॅनियल पेट्री, 128 मिनिटं) अभिनयासाठी बघा. सिडनी पॉइटिए, क्लॉडिया मॅकनील, रूबी डी, डायना सँड्स हे मूळ संचातले कलाकार त्यात आहेत. पटकथाही हॅन्सबेरीचीच, पण प्रसंग बदलले आहेत. नाटकात विली हॅरिस एकदाही दिसत नाही. चित्रपटात तो दारूच्या अड्ड्यावर समोर बसलेला आहे. नाटकात नवं घर आपल्याला कधीच दिसत नाही. चित्रपटात कुटुंब ते बघायला जातं. मिसेस जॉन्सन नाहीत. नुसता हा चित्रपट बघून पेपर लिहिला की विलीच्या वर्णनावरून ते लगेच उघडं पडतं. नाटकाचा दम त्या खोलीत कोंडून ठेवण्यात आहे, म्हणून ही मोकळीक या चित्रपटाला थोडी महागच पडली आहे.

अभ्यासासाठी सगळ्यात उपयोगी 1989चं ‘अमेरिकन प्लेहाउस’ या दूरचित्रवाणी मालिकेतलं रूप: दिग्दर्शक बिल ड्यूक, वॉल्टर डॅनी ग्लोव्हर, लीना एस्थर रोल. लांबी 171 मिनिटं, मिसेस जॉन्सनसकट. व्हिंटेजची प्रत मांडीवर ठेवून बघता येईल असं हेच. लिंडनरच्या भूमिकेत जॉन फिडलर. 1959च्या प्रयोगात आणि 1961च्या चित्रपटातही लिंडनर तोच होता. तीस वर्षांनी तोच माणूस तीच टोपी हातात फिरवत तेच बोलतो, हे बघण्यासारखं आहे. चित्रीकरण साधं, रंगमंचाला धरून. कंटाळवाणं वाटलं तर अंकागणिक तीन बैठकांत बघा.

2008चा दूरचित्रवाणीपट (दिग्दर्शक केनी लिऑन, 131 मिनिटं) 2004च्या ब्रॉडवे पुनरुज्जीवनातून आला. त्या प्रयोगासाठी फिलिशिया रशाड आणि ऑड्रा मॅकडोनाल्ड दोघींना टोनी हे नाट्यपारितोषिक मिळालं होतं, आणि पडद्यावरही त्या दोघीच नाटक तोलून धरतात. शॉन कोम्ब्सचा वॉल्टर कमी पडतो. पैसे गेल्याची बातमी येते तिथे तर फारच. वेळ कमी असेल तर हा सोडा.

गटात वाचायचं असेल तर

तीन अंक, सहा प्रवेश: पहिल्यात दोन, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक. आठ जण पुरतात. लीना, रूथ, वॉल्टर, बेनीथा आणि ट्रॅव्हिस यांना स्वतंत्र माणूस द्या. जॉर्ज आणि लिंडनर एकानं वाचावे, असागाई आणि बोबो दुसऱ्यानं. हे कधीच एकत्र येत नाहीत. आठव्यानं कंसातल्या सूचना आणि मिसेस जॉन्सन. सूचना मोठ्यानं वाचल्याच पाहिजेत, नाहीतर अंड्यांसारख्या जागा ऐकणाऱ्यांपर्यंत पोचतच नाहीत.

एका बैठकीत पूर्ण नाटक उरकू नका. तीन तास लागतात आणि नेमका तिसरा अंक थकलेल्या आवाजात वाचला जातो. त्याची सुरुवात म्हणजे असागाई आणि बेनीथाचं बोलणं लोक ‘वैचारिक’ म्हणून घाईत काढतात, आणि तिथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. पैसे गेल्यावर बेनीथा म्हणते की आपण वर्तुळात फिरतो आहोत. असागाई म्हणतो, ती लांब रेघ आहे, तिचं टोक दिसत नाही म्हणून वर्तुळ वाटतं. मग तो विचारतो की एका माणसाच्या मरणावर ज्या घरातली सगळी स्वप्नं टांगलेली असतात, त्या घरात काहीतरी बिघडलेलं नाही का? वॉल्टरचा पुढचा नकार या प्रश्नानंतर वाचायचा असतो. बाप मेला म्हणून आलेल्या पैशाबद्दल आतापर्यंत बोलणारा वॉल्टर लिंडनरसमोर बापानं केलेल्या कष्टांबद्दल बोलतो. तिसऱ्या अंकासाठी वेगळा दिवस ठेवा आणि त्या दिवशी सुरुवातीची आठदहा पानं दोनदा वाचा.

ग्रंथालयातून प्रत घेणार असाल आणि तिथे जुनीच असेल, तर ती नाकारायचं कारण नाही. फक्त कुणाकडून तरी व्हिंटेजची प्रत दोन दिवस आणून दुसऱ्या अंकाचे पहिले दोन प्रवेश ताडून बघा आणि नसलेला मजकूर वहीत उतरवून घ्या. कापलेल्या भागातला मोठा हिस्सा त्याच दोन प्रवेशांत आहे.